मर्कलॉची सावड

पूल ओलांडला की लिंटरच्या खोऱ्यातला रस्ता साडेसहा मैलांचा. चौदा मोऱ्या, दोन कठडे, आणि विनरिगच्या अलीकडे एक वळण, जिथं दर हिवाळ्यात बर्फ छातीइतकं साठतं. ॲडम व्हीचला हे सगळं तोंडपाठ होतं. तीस वर्षं तो काउंटीच्या रस्त्यांवर होता, त्यातली अठरा मुकादम म्हणून, आणि या रस्त्याचा एकेक दगड त्याच्या हाताखालून गेला होता.

काउंटी म्हणजे तरी केवढी. ट्वीड नदीचा वरचा भाग, तिला येऊन मिळणारे डझनभर ओढे, बाजाराची दोन गावं, आणि बाकी सगळ्या बोडक्या टेकड्या. माणसं कमी, मेंढ्या उदंड. तरी ज्यांची होती त्यांना ती पुरत होती. १९७५ च्या मे महिन्यात ती मोडून एका मोठ्या रीजनमध्ये घालायचं सरकारनं ठरवलं होतं, आणि त्याचा ॲडमला मनापासून संताप होता. संताप करून काही उपयोग नव्हता, म्हणून तो जास्तच होता.

लिंटरमध्ये एके काळी बत्तीस चुली पेटत. आता चार. पुलाजवळ ब्लॅकशॉ, मग गिरणीशेजारी मिस क्रोझियर या निवृत्त शाळामास्तरीणबाईंचं घर, मग विनरिग, आणि रस्ता संपतो तिथं शील्डहेड. तिकडे शेतकऱ्याला आडनावानं कुणी हाक मारत नाही. तो ज्या शेतावर राहतो त्याचं नाव तेच त्याचं नाव; ब्लॅकशॉचा मालक ब्लॅकशॉ, विनरिगचा विनरिग. शील्डहेडला ॲडमची थोरली बहीण बेथिया राहायची. वय त्रेसष्ट, नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, साठेक मेंढ्या, मॉस नावाचा कुत्रा, आणि छातीत दमा.

जानेवारीत तो दमा असा उसळला की तिचे ओठ निळे पडले. बर्फ लोटणारी गाडी ॲडम स्वतः चालवत वर घेऊन गेला, आणि तिच्या मागोमाग रुग्णवाहिका. आणखी अर्धा तास लागला असता तर मला बोलावण्यात अर्थ नव्हता, असं डॉक्टर नंतर म्हणाले. खाली गावात एखादी खोली घ्या, असंही म्हणाले. बेथियानं ते ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर भावाला सांगितलं, की आता खाली जाईन ती चौघांच्या खांद्यावरूनच.

मार्चमध्ये रीजनचा फॉर्म आला. प्रत्येक खोऱ्यात राहती घरं किती, त्यांची नावं, राहणाऱ्याचं नाव, माणसं किती. पाच किंवा जास्त असतील तर हिवाळ्यात बर्फ हटवायला गाडी जाईल. कमी असतील तर जाणार नाही. ॲडमनं तो कागद दोन दिवस खिशात बाळगला. चार घरं. कितीही वेळा मोजली तरी चारच.

तिसऱ्या दिवशी तो शील्डहेडच्याही वर गेला. रस्ता संपल्यावर गवतातून एक जुनी वाट मैलभर चढते आणि मर्कलॉपाशी थांबते. मर्कलॉ म्हणजे छप्पर नसलेल्या चार भिंती, सगळीकडे अंगाला आग लावणारा खाजरा पाला, बाजूला पडका मेंढवाडा. जुनी माणसं फाटकाबाहेर रोवनचं झाड लावत, वाईटसाईट आत येऊ नये म्हणून. इथं ते झाड चुलीतून उगवून भिंतीच्या वर गेलं होतं. हे घर कधी ओस पडलं ते ॲडमच्या आजोबांनाही सांगता आलं नव्हतं. तो थोडा वेळ उभा राहिला, मग गाडीत येऊन बसला आणि मांडीवरच फॉर्म भरला. पाचवं घर: मर्कलॉ. राहणारा: त्या भागात लिहितात तसंच, मर्कलॉ. माणसं: एक.

आयुष्यात खोटं असं त्यानं फारसं लिहिलं नव्हतं, म्हणून आठवडाभर त्याला जेवण गोड लागलं नाही. पण बेथियाचा रस्ता वाचला होता. साडेसहा मैल वर चढून चुली मोजायला कोण येतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं.

मेच्या अखेरीस पोस्टमन वॅटीनं त्याला पुलावर गाठलं. वॅटीच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

"मुकादम, तुमच्या मर्कलॉला सरकारी पाकिटं यायला लागली बरं का. आम्हाला मेलं लग्नाचं आमंत्रणसुद्धा येत नाही."

ॲडमला क्षणभर हसूच आलं. कागदावरच्या माणसाला कागद येणारच. ते पाकीट माझ्याकडे दे, मी पोचवतो, असं तो म्हणाला.

"देऊ काय? मागच्या मंगळवारीच टाकलं. रस्त्याच्या टोकाला डबा आहे ना त्याचा, त्यात. आणि उचललंही त्यानं."

ॲडम त्याच दुपारी रस्त्याच्या टोकाला गेला. गडग्याला लागून एक लाकडी खांब होता आणि त्यावर पत्र्याचा डबा. डबा रिकामा होता, आतून स्वच्छ पुसलेला. कुणीतरी गंमत केली असेल असं म्हणायला त्याची हरकत नव्हती, पण खांब जुना होता. उन्हापावसानं करडा पडलेला, उत्तरेच्या अंगाला दगडफूल चढलेलं. पायथ्याशी गवत घट्ट धरलेलं. दगडफूल एका महिन्यात चढत नाही. आणि हा रस्ता ॲडमचा होता. ह्या रस्त्यावरचा त्याला माहीत नसलेला खांब तीस वर्षांत एकही नव्हता.

त्यानं खांबाला हात लावून पाहिला, हलवून पाहिला, आणि मग हात पँटला पुसत गाडीत बसला. कुणाला काही विचारायची सोय नव्हती. मर्कलॉ ओसाड आहे असं तोंडातून निघालं की घरं चार, आणि घरं चार की रस्ता गेला. स्वतःच खणलेल्या खड्ड्याला कुंपण घालत बसावं तशी त्याची गत झाली.

जूनच्या शेवटी कातरणीचे दिवस ठरवायला सगळे नेहमीप्रमाणे ब्लॅकशॉच्या स्वयंपाकघरात जमले. या खोऱ्यात लोकर कातरायला कुणी मजूर लावत नाही. सावड असते. आज सगळे तुझ्याकडे, उद्या सगळे माझ्याकडे. ज्यानं हात दिला त्याला हात परत द्यायचा, आजारपण असो की सुतक. न दिलेल्या सावडीची गोष्ट तिकडे तीन पिढ्या सांगतात. ॲडमकडे मेंढ्या नव्हत्या, पण बहिणीकडून तो दरवर्षी या बैठकीला यायचा, चहा प्यायचा आणि रस्त्यांवरून शिव्या खायचा.

ब्लॅकशॉ सत्तरीचा, अवाढव्य माणूस. बोटांवर दिवस मोजत तो म्हणाला, की सोमवार माझा, मंगळवार विनरिगचा, गुरुवारी शील्डहेड. मिस क्रोझियरबाईंच्या चार मेंढ्या त्यातच कुठंतरी उरकू.

"आणि शुक्रवारी मर्कलॉ, नेहमीसारखा."

कुणी मान वर केली नाही. विनरिगच्या बायकोनं केकचा तुकडा पुढं सरकवला.

"नेहमीसारखा?" ॲडमनं विचारलं.

ब्लॅकशॉनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्यानं जेवताना सुतकाचा विषय काढला तर पाहतील तसं.

"चाळीस तर मेंढ्या त्याच्या," तो म्हणाला. "सगळ्यांनी कशाला चढायचं? जवळचा शेजारी गेला की झालं. शील्डहेडचं माणूस जातंच."

बेथिया खिडकीपाशी बसून विणकाम करत होती. ती हो म्हणाली, त्यात काय एवढं, अशा आवाजात.

त्यानंतर ॲडमला नीट झोप लागेना. कामावर मन लागेना. तो सारखा मनातल्या मनात घरं मोजायचा आणि पाचव्यापाशी अडखळायचा. रीजनच्या कार्यालयात जाऊन सगळं कबूल करावं, असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा त्याला जानेवारीतले ते निळे ओठ दिसले आणि तो गेला नाही.

गुरुवारी बेथियाच्या कातरणीला तो जाणार होता, पण सकाळीच ओढ्याच्या पुरानं नववी मोरी ढासळली आणि तो दिवसभर कंबरभर चिखलात होता. संध्याकाळी सात वाजता, लख्ख उजेडात, तो शील्डहेडला पोचला. सगळे गेले होते. अंगणात कातरलेल्या मेंढ्या आपल्याच अंगाला लाजल्यासारख्या उभ्या होत्या. बेथिया ताटं धूत होती. थकली होती पण खुशीत होती, आणि श्वास बरा चालला होता.

सगळं दुपारी तीनलाच उरकलं, असं तिनं सांगितलं. मर्कलॉ आला होता. एकट्यानं तीस मेंढ्या कातरल्या. जुन्या पद्धतीचा, बाकावर बसून कातरणारा. बोलला नाही, जेवला नाही, पाणी तेवढं मागितलं.

"कसा आहे दिसायला?" ॲडमनं विचारलं.

बेथियाचे हात पाण्यात थांबले. ती बराच वेळ आठवत राहिली.

"हात चांगले आहेत," ती शेवटी म्हणाली. "मी हातच बघत होते."

मग ॲडमनं तिला सगळं सांगितलं. फॉर्म, खिशातले दोन दिवस, चुलीतलं झाड, दगडफूल चढलेला खांब. मर्कलॉ नावाचा कुणी नाही, त्याला मी बसल्या जागी लिहिला, तुझ्यासाठी लिहिला, हेही सांगितलं.  तिनं हात कोरडे केले आणि त्याला कोठाराच्या दाराशी नेलं. आत लोकरीचे गठ्ठे रचलेले होते. डावीकडे ब्लॅकशॉनं नि इतरांनी बांधलेले, ओबडधोबड. उजवीकडे तीस, एकसारखे, गाठी एका रेषेत. ॲडमनं एकाला हात लावला. लोकर थंड होती. बाकीचे गठ्ठे अजून कोमट होते.

"कागदावर तू काय लिहिलंस ते तुझं तू बघ," बेथिया म्हणाली. "तीस मेंढ्यांची सावड आहे माझ्यावर."

"बेथिया, उद्या वर जाऊ नकोस."

"आपल्या घरातलं कुणी घेतलेला हात परत न देता राहिलंय का रे कधी?"

"तिथं छप्परसुद्धा नाही गं."

"मग पाऊस यायच्या आत उरकायला हवं," ती म्हणाली, आणि हसली. लहानपणी त्याला ओढ्यात ढकलून द्यायच्या आधी हसायची तशी. तो मुक्कामाला राहतो म्हणाला तर तिनं साफ नकार दिला. पहारा द्यायला मी काय कोंबडी आहे का, असं म्हणून तिनं त्याला घालवून दिलं. तो गेला, याचं दुःख त्याला पुढं कायम राहिलं.

शुक्रवारी आठच्या सुमारास तो परत आला तेव्हा धुकं शील्डहेडच्या धुराड्यापर्यंत उतरलं होतं. घर उघडं होतं. किटली गरम होती. दाराआडच्या खिळ्यावर कातर नव्हती, आणि कुत्राही नव्हता.

तो वाटेनं चढू लागला. दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. गवत गुडघ्याइतकं आणि दवानं भरलेलं होतं. त्यातून कुणी चालत गेल्याची रेघ हवी होती. ती नव्हती. तो तिला हाका मारत होता आणि हाक धुक्यात कुठंतरी बुडत होती.

अर्ध्या वाटेवर त्याला मेंढ्या ऐकू आल्या. पिल्लं एका बाजूला, आया दुसऱ्या बाजूला, कातरणीच्या दिवशी ओरडतात तशा.

मग कातरी. एक नाही, बऱ्याच. एका तालात.

वास आला: लोकरीचं तेल, मेंढ्यांच्या जखमांना लावतात ते डांबर, चुलीत जाळतात त्या दलदलीतल्या मातीच्या ढेपांचा धूर. आणि त्या सगळ्यातून बेथियाचा आवाज. ती काहीतरी सांगत होती आणि मधेच हसत होती. शब्द कळत नव्हते, पण हसणं मोठं आणि लांब होतं, एका श्वासातलं. असं ती वीस वर्षांत हसली नव्हती. दम्यानं हसू दिलंच नव्हतं.

ॲडम पळाला.

गडगा लागला. फाटकाची जागा लागली.

आवाज थांबले नाहीत. ते फक्त त्याच्या पुढं होते तिथून त्याच्या मागं गेले, आणि मग खाली, आणि मग नव्हते.

चार भिंती. खाजरा पाला छातीइतका, एकही पान मोडलेलं नाही. चुलीत झाड.

फाटकाबाहेर मॉस बसला होता, तोंड आत करून. मालकीण काम करताना कुत्रं जसं बघत बसतं तसा, कान उभे, नजर इकडून तिकडे फिरवत. मधूनमधून शेपटी जमिनीवर आपटत होती.

ॲडमनं त्याला हाक मारली. त्यानं वळूनही पाहिलं नाही.

दुपारी धुकं उठलं तेव्हा कुत्रं आपणहून उठलं, अंग झाडलं आणि खाली चालू लागलं.

तीन दिवस शोध चालला. पोलीस आले, कुत्री आली, दोन खोऱ्यांतली माणसं काठ्यांनी दलदल चाचपत फिरली. ॲडमनं पोलिसांना पहिल्यांदा मर्कलॉलाच नेलं. त्यांनी भिंतींच्या आत डोकावून पाहिलं, पाल्यानं हात भाजून घेतले आणि परतले. शेजाऱ्यांपैकी मात्र त्या बाजूला कुणीच गेलं नाही. ॲडमनं ब्लॅकशॉची कॉलर धरायची तेवढी बाकी ठेवली. वर का नाही शोधत, असं त्यानं विचारलं.

"तिथं ती हरवली कशी म्हणायची, ॲडम?" ब्लॅकशॉ हळू आवाजात म्हणाला. "तिथं तर ती सांगून गेली." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही खरंच.

जुलैच्या अखेरीस रीजनचं पत्र आलं. ऑगस्टमध्ये निरीक्षक येऊन राहत्या घरांची पडताळणी करतील. ॲडमनं गावातलं घर बंद केलं, मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज टाकला आणि शील्डहेडला राहायला गेला. लोकांना वाटलं मेंढ्यांसाठी. मेंढ्या होत्याच, पण खरं कारण तो कुणाला सांगत नव्हता. शील्डहेडची चूल विझली तर घर कमी होणार, घर कमी झालं तर रस्ता बंद होणार, आणि रस्ता बंद झाला तर ती परत यायची कुठून? तो रोज सकाळी उठून आधी चूल पेटवायचा. मग बाहेर येऊन वर पाहायचा. टेकडीच्या खांद्यामागं मर्कलॉ दिसत नव्हतं, आणि धूर दिसावा की दिसू नये, हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं.

निरीक्षक आला तो पेटिग्रू नावाचा, शहरातला, तिशीतला, सभ्य मनुष्य. दुपारी चारला तो शील्डहेडच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती आणि बुटांना गवताचं बी चिकटलं होतं. ॲडमनं त्याला आत बसवलं. त्यानं फाईल उघडली. रस्ता सुरक्षित आहे, काळजी नको, असं तो आल्या आल्या म्हणाला. पुलापासून वर पाच घरं, सगळी राहती, सगळी स्वतः पाहिली.

"एवढी एक दुरुस्ती केलीय," पेटिग्रू म्हणाला आणि कागद त्याच्यापुढं फिरवला. "मर्कलॉला तुम्ही माणसं एक लिहिलंय. दोन आहेत."

ॲडमनं हातातली किटली खाली ठेवली. 

"बाई होत्या?"

"हो. फार चांगल्या. चहा दिला, लोण्याची बिस्किटं दिली."

ॲडमला पुष्कळ विचारायचं होतं. एवढंच विचारता आलं.

"त्यांना धाप लागत होती का?"

"त्यांना?" पेटिग्रू हसला. "मलाच लागली होती. वाट दाखवायला रस्त्यापर्यंत माझ्या पुढं चालत आल्या, तीही बोलत बोलत. एकदाही थांबल्या नाहीत." त्यानं पेन पुढं केलं. "इथं सही. शील्डहेडला राहणारे म्हणून तुमचीच लागेल."

ॲडमनं सही केली. पेटिग्रूनं फाईल बंद केली, चहा संपवला, दाराशी गेला आणि काहीतरी आठवल्यासारखं वळला.

"हां, निरोप आहे तुम्हाला. त्यांची कातरणी पुढच्या साली जुलैच्या तिसऱ्या शुक्रवारी आहे म्हणे. शील्डहेडचं माणूस येतंच, पण तरी सांगा, म्हणाल्या."

गाडी खाली वळणाआड जाईपर्यंत ॲडम दारात उभा होता. मग आत आला. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर अजून आलेलं नव्हतं, म्हणून त्यानं पेन्सिल घेतली आणि तारीख चुलीशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवली.